घरच्या गोष्टीत एकजण खलनायक ठरून गेलेला असेल, तर लिहिणाऱ्याने काय करावे?

माणगंगाकाठ (प्रश्न)

आमच्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम येत्या मार्गशीर्षात गावी करायचे ठरले असून, त्या निमित्ताने त्यांच्या आयुष्यावर साठ-सत्तर पानांची छोटी पुस्तिका छापावी असे आम्हा भावंडांच्या मनात आले. घरात थोडेफार लिहिणारा मीच असल्यामुळे ते काम माझ्याकडे आले. गेले चार महिने मी दर शनिवारी पुण्याहून गावी जातो, अण्णा सांगतात ते टिपून घेतो आणि पुढच्या शनिवारी त्यांना वाचून दाखवतो. ऐकताना ते डोळे मिटून बसतात आणि शेवटी "असंच होतं ते" एवढेच म्हणतात.

अडचण माझ्या धाकट्या काकांविषयीची आहे. त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. त्यांना जाऊन पंधरा-सोळा वर्षे झाली. आमच्या घरी लहानपणापासून जी गोष्ट सांगितली जाते ती अशी आहे. तात्या १९६९ साली मुंबईला गिरणीत लागले. सुरुवातीला त्यांनी घरी पैसे पाठवले, पण पुढे संसार वाढला तसा हात आखडता घेतला. ऐन अडचणीच्या काळात त्यांनी पैसे पाठवणे साफ बंद केले, वर चार महिने गावी येऊन बसून खाल्ले आणि १९८४ साली वाटणी मागितली. वाटणीत त्यांनी नेमकी विहिरीखालची तीन एकर मागितली. बाकीची आठ एकर जिरायत होती. पंच बसले, आक्काने हक्कसोडावर सही केली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या आणि दोन्ही घरांचे बोलणे बंद झाले. या गोष्टीत अण्णा हे सोसणारे, सगळ्यांना पोसणारे आणि कोणालाही उलट न बोलणारे आहेत. मी ती गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की लिहिताना मला कुठे अडखळावे लागले नाही, आणि आता वाटते की तेथेच मला शंका यायला हवी होती.

मागच्या महिन्यात फोटो शोधताना आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत मनिऑर्डरच्या कुपनांचा एक गठ्ठा सापडला. पोस्टमन पैसे देताना फॉर्मच्या खालची जी चिठ्ठी फाडून हातात देत असे, ती ही कुपने. बहुधा आजोबांनी ती सुतळीत ओवून ठेवली असावीत आणि त्यांच्यानंतर आलेली आईने त्याच सुतळीत अडकवली असावीत. मी ती तारखेनुसार लावली. दहा वर्षांत फार थोडे महिने चुकलेले दिसतात. दुष्काळानंतर विहीर खोदली त्या काळातल्या कुपनांवर "विहिरीसाठी जादा" असा शेरा आहे. शेवटचे कुपन जानेवारी १९८२ चे असून त्यावर बारीक अक्षरांत लिहिले आहे : "संप होणार असे दिसते. झाल्यास पुढील महिन्यापासून जमणार नाही. वहिनीस सांगावे. काळजी नसावी."

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, तरी १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही, हे मला शाळकरी वयापासून माहीत आहे. तात्या गिरणीत होते, हेही माहीत होते. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात चाळीस वर्षे शेजारी शेजारी राहिल्या आणि त्यांची एकमेकींशी ओळख झाली नाही. संपाच्या काळात असंख्य कामगार आपापल्या गावी परतले होते. "चार महिने बसून खाल्ले" ते हेच चार महिने.

त्या पावसाळ्यात मी दहा वर्षांचा होतो. तात्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. आई गोधडी शिवत असताना दोरा तुटला की तात्या दोन्ही टोके अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून अशी गाठ मारत की ती बोटाला लागायची नाही. मला ती शिकायची होती आणि ते रोज संध्याकाळी मला शिकवत. ही आठवण मी पुस्तिकेत घेतलेली नाही. का घेतली नाही, याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की ती तात्यांच्या पात्राला शोभत नव्हती.

आता माझा प्रश्न. आपण घरातल्या माणसांना गोष्टीतली पात्रे करून टाकतो हे मला पटते आहे, पण त्यावर लिहिणाऱ्याने काय करायचे असते? अण्णांनी कुपन वाचले होते, म्हणजे त्यांना माहीत होते. मग ते इतकी वर्षे खोटे सांगत होते असे मानायचे का? ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याच्या सोहळ्यात त्याची गोष्ट दुरुस्त करून वाचून दाखवावी का? आणि जी पुस्तिका त्यांच्यासाठीच आहे, तिच्यात तात्यांना न्याय मिळावा अशी अपेक्षा धरणे योग्य आहे का?

निवृत्त मास्तर

आपण 'पात्र' हा शब्द वापरला आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो. अठ्ठावीस वर्षे मराठी शिकवल्यामुळे जडलेली ही खोड आहे, ती चालवून घ्यावी. आपल्या भाषेत भांडे हेही पात्र, नदी जेथून वाहते तेही पात्र, एखाद्या गोष्टीस लायक असणे म्हणजेही पात्र असणे, आणि नाटकातला माणूस हेही पात्रच. आपल्या माणगंगेचे पात्र वर्षातले कित्येक महिने कोरडे असते आणि तरीही आपण त्याला नदीच म्हणतो, कारण पाणी कोठून गेले याची खूण तेथे राहिलेली असते. घरच्या गोष्टीतले तात्या मला तसे वाटतात. माणूस वाहून गेला आहे, वळण उरले आहे, आणि ते वळणही १९८४ सालच्या एकाच पुरात पडलेले आहे.

अण्णा खोटे सांगत होते का, या प्रश्नावर मी घाईने काही म्हणणार नाही. बखरींचे उदाहरण घ्या. कृष्णाजी अनंत सभासद याने शिवछत्रपतींची बखर जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. तिच्यात खोटे किती हा प्रश्न इतिहासकारांचा आहे. पण मुलाच्या आज्ञेवरून वडिलांचे चरित्र लिहिणारा माणूस कोणासमोर उभा राहून लिहितो, हे विसरून ती वाचता येत नाही. आपली स्थिती नेमकी उलटी आणि त्याहून अवघड आहे. चरित्रनायक दर शनिवारी डोळे मिटून आपल्या समोर बसतो, मजकूर ऐकतो आणि शिक्कामोर्तब करतो. अशा बैठकीत तात्यांची बाजू कोणी मांडायची?

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक उपयोगी पडेल. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी अशी आहे की शिकलेला, लिहिणारा दया पवार ऐकणारा आहे आणि दगडू मारुती पवार आपली हकिकत त्याला सांगतो आहे. दगडू मारुती पवार हे लेखकाचेच नाव. आत्मकथनात 'मी' हा एकच असतो असे आपण धरून चालतो. येथे सांगणारा आणि ऐकणारा वेगळे केल्यामुळे, ज्या गोष्टींची लाज वाटते त्याही बोलून दाखवण्याची सोय झाली. आपल्या पुस्तिकेतही दोघे दडलेले आहेत : एक दहा वर्षांचा मुलगा, ज्याला गाठ शिकायची होती, आणि दुसरा पन्नाशीचा कर्ता मुलगा, ज्याने ती आठवण गाळली. माझी सूचना एवढीच की त्या मुलाला दोन पाने द्यावीत. त्याने तात्यांना न्याय देऊ नये, अण्णांना दोष देऊ नये. त्याने जे पाहिले तेवढेच सांगावे. दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडची साक्ष कोणीही, अगदी अण्णासुद्धा, अपमान म्हणून घेणार नाहीत.

फटकळ

मला या चर्चेचा पायाच मान्य नाही. आयुष्य ही गोष्ट आहे, आपण पात्रे आहोत, असे म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. जो तो आपल्या 'प्रवासा'विषयी बोलतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ गॅलेन स्ट्रॉसन यांनी २००४ साली एका लेखात याला स्पष्ट विरोध केला होता. त्यांचे म्हणणे असे की काही माणसे आपले आयुष्य सलग कथेसारखे अनुभवतात आणि काही अजिबात तसे अनुभवत नाहीत, आणि दुसऱ्या प्रकारच्या माणसांचे जगणे त्यामुळे उणे ठरत नाही. मी दुसऱ्या प्रकारातला आहे. माझा गेल्या वीस वर्षांचा हिशेब मला देता येईल, कथा सांगता येणार नाही. तुम्हीही कथा लिहू नका. कुपने तारखेनुसार लावली आहेत ना? ती तशीच छापा. खाली काही लिहू नका.

आलेख

फटकळ यांची सूचना मला आवडली, तरी तिने प्रश्न सुटेल असे वाटत नाही, कारण कोऱ्या कागदावर लावलेल्या कुपनांतूनही वाचणारा माणूस गोष्टच काढतो. मी मानसशास्त्र शिकवते आणि दर वर्षी पहिल्या तासाला एक जुनी फीत दाखवते. फ्रिट्झ हायडर आणि मेरिअन झिमेल यांनी १९४४ साली ती प्रयोगात वापरली होती. तीत एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ सरकताना दिसतात, आणि दार उघडणारा एक चौकोन आहे; याहून अधिक काहीही नाही. त्यांच्या पहिल्या गटातील ३४ जणांना जे दिसले ते लिहायला सांगितले, तेव्हा फक्त एकाने निव्वळ आकृत्यांच्या हालचालींचे वर्णन केले. बाकी सर्वांना हलणारे जीव दिसले, आणि मोठा त्रिकोण बहुतेकांना दांडगट वाटला. माझ्या वर्गातही कोणीतरी हमखास म्हणते, "मॅडम, तो मोठा फार वाईट आहे." त्रिकोणाला जर खलनायक होण्यापासून वाचवता येत नाही, तर काकांना कसे वाचवणार?

आता मूळ प्रश्नातला "अण्णा खोटे सांगत होते का" हा भाग. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी लोकांना फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरुद्ध लिहिलेले निबंध वाचायला दिले. लिहिणाऱ्याला बाजू निवडण्याची मुभा नव्हती, ती त्याला नेमून दिली होती, हे वाचकांना स्पष्ट सांगितले होते. तरीही जे लिहिले आहे तेच त्याचे खरे मत असावे, असा कल वाचकांनी दाखवला. म्हणजे परिस्थितीची सक्ती माहीत असणे आणि त्या माणसाविषयी मत बनवताना ती हिशेबात धरणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि दुसरी आपोआप होत नाही. अण्णांनी जानेवारीत कुपन वाचले असेल. पण फेब्रुवारीत पैसे आले नाहीत, मार्चमध्ये आले नाहीत, जूनमध्ये बियाण्याला पैसे नव्हते, आणि त्या प्रत्येक महिन्यात डोळ्यांसमोर न आलेला पोस्टमन होता. परळची बंद गिरणी त्यांनी पाहिलेली नव्हती. जे रोज दिसते त्याची आठवण होते. यात खोटेपणा शोधण्याची गरज मला वाटत नाही.

एक सावधगिरीही सांगते, कारण या विषयावर लिहिताना आमच्या क्षेत्रातल्या लोकांकडून अतिशयोक्ती होते. आपण स्वतःच्या वागण्याचे कारण परिस्थितीत शोधतो आणि दुसऱ्याच्या वागण्याचे कारण त्याच्या स्वभावात, असा सिद्धांत १९७१ पासून पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसला आहे. २००६ साली बर्ट्रम मॅले यांनी १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हा फरक सरासरीने जवळजवळ शून्य निघाला. मात्र घटना वाईट असेल तेव्हा तो फरक टिकून राहिला, आणि चांगल्या घटनेत नेमका उलटला. आपल्या घरच्या गोष्टीला हे चपखल बसते. तात्यांचे पैसे बंद झाले तो त्यांचा स्वभाव. अण्णांनी वाटणीत ताठर भूमिका घेतली असेल तर ती परिस्थिती. विहीर झाली ती अण्णांच्या कष्टांमुळे. तात्यांनी जादा पैसे पाठवले तर ते, बरे, पगार झाला असेल म्हणून.

माणगंगाकाठ

तुमचे शेवटचे वाक्य वाचून मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. पुस्तिकेत विहिरीवर सहा पाने आहेत. सुरुंग, यारी, पहिला झरा कोणत्या वाराला लागला, हे सर्व आहे. "जादा" हा शब्द नाही.

पेटारा

मी वेंगुर्ल्याकडचा. तरुणपणी सात-आठ वर्षे दशावतारी नाटकांत कामे केली. विषय पात्रांचा निघाला आहे म्हणून लिहितो. मानसशास्त्र मला कळत नाही.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. जत्रेत पूर्वरंग संपेपर्यंत, म्हणजे संकासुर येऊन, ब्रह्मदेवाचे वेद पळवून, लोकांना हसवून जाईपर्यंत आम्ही आत आपापल्या पेटाऱ्यासमोर बसून आरशात पाहत रंग लावत असू, आणि त्या रात्रीचे आख्यान कोणते व कोणी काय करायचे हे नाटक सुरू होण्याआधी थोडक्यात ठरलेले असे. पुढचे सगळे रंगमंचावर, समोरचा काय बोलतो ते ऐकून. मी बहुतेक वेळा राक्षसपार्टी करीत असे. आमच्या मालकांनी मला पहिल्याच वर्षी एक गोष्ट बजावली होती : राजासमोर उभा राहशील तेव्हा तू राक्षस आहेस हे विसर, तुझ्यावर कोणता अन्याय झाला ते डोक्यात ठेव. राक्षसाचा मुद्दा कच्चा पडला तर राजाला बोलायला काही उरत नाही आणि पहाटे दोनच्या सुमारास प्रेक्षक पेंगू लागतात. एकदा मी इतके तोलामोलाचे बोललो की समोरच्या राजाला उत्तर सुचेना. शेवटी त्याने तलवार काढली आणि मृदंगवाल्याने त्याला वाचवले. तो राजा दुसऱ्या दिवशीच्या जत्रेत राक्षस झाला होता आणि मी नारद.

तुमच्या गोष्टीत तात्यांना बोलायलाच दिलेले नाही, हा मला नाट्यदोष वाटतो. १९८४ साली पंचांसमोर ते काय बोलले असतील, याचा एक परिच्छेद तरी लिहून पाहा. छापू नका हवे तर. पण लिहिताना त्यांची बाजू जिंकेल अशा ताकदीने लिहा. मला वाटते, विहिरीखालची जमीन त्यांनी का मागितली हे तुम्हाला तो परिच्छेद लिहिण्याआधीच कळले आहे.

सातबारा

वरची सर्व उत्तरे वाचली. प्रत्येकाने तात्यांविषयी लिहिले आहे आणि मूळ लेखकाने तर स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. मी एका वेगळ्या वाक्याकडे लक्ष वेधू इच्छिते. प्रश्नात असे आहे : "पंच बसले, आक्काने हक्कसोडावर सही केली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या." एवढ्या लांब प्रश्नात आक्का अर्ध्या ओळीपुरती येते, ती सही करण्यासाठी, आणि लगेच पाणी वाहू लागते. ती तुमची आत्या असावी असे मी गृहीत धरते, कारण तेही कोठे सांगितलेले नाही.

खलनायकाला निदान प्रवेश असतो, संवाद असतो, त्याच्यावर राग धरणारे कोणीतरी असते. तात्यांचे पात्र चुकीचे रंगवले गेले म्हणून तुम्हाला चाळीस वर्षांनी का होईना टोचणी लागली. आक्काचे पात्र चुकीचे रंगवले, असे कोणी म्हणणार नाही, कारण ते रंगवलेच नाही.

हा माझ्या व्यवसायाचा विषय असल्याने थोडे तपशिलाने सांगते. मी जमिनीच्या कागदपत्रांची कामे करते. आजोबा १९८४ पूर्वी वारले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या वाट्यात मुलीचाही मुलांच्या बरोबरीने हिस्सा होता. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने सहदायिक मानण्याची तरतूद महाराष्ट्रात १९९४ साली आली, तीही त्याआधी लग्न झालेल्या मुलींना सोडून, आणि देशभर २००५ साली. म्हणजे १९८४ साली आक्काचा हक्क भावांपेक्षा लहान होता, पण होता. म्हणून तर सही लागली. ज्याला काही नाही त्याच्याकडून कोणी काही सोडवून घेत नाही.

जुने सातबारे पाहताना मला नेहमी एक गोष्ट दिसते. भावांची नावे कब्जेदार म्हणून वर असतात आणि बहिणींची नावे 'इतर हक्क' या रकान्यात असतात. त्याच रकान्यात सोसायटीचा बोजा असतो आणि विहिरीतला पाण्याचा हिस्साही असतो. मग एक फेरफार होतो आणि त्या नावांना कंस पडतो, म्हणजे ती कमी होतात. आपल्या घरोघरच्या गोष्टीही याच नमुन्यात लिहिलेल्या असतात. भाऊ-भाऊ भांडतात, त्यांच्या भांडणाची बखर होते, आणि बहीण इतर हक्कात असते. तात्यांच्या पत्नीचेही तसेच आहे : संपाच्या त्या चार महिन्यांत काकू कोठे होत्या, मुंबईत मुले घेऊन कशावर राहिल्या, याविषयी तुमच्या प्रश्नात एक शब्द नाही.

मास्तरांनी दहा वर्षांच्या मुलाला दोन पाने द्यायला सांगितले, ते उत्तम आहे. पण तो मुलगाही तात्यांच्या बोटांकडेच पाहत होता. आक्का हयात असतील तर त्यांना फोन करा. "तात्या कसे होते" असे विचारू नका, कारण मग त्या पुन्हा भावांच्याच गोष्टीत साक्षीदार होतील. त्या दिवशी त्या किती वाजता निघाल्या, कोणाबरोबर आल्या, काय खाल्ले, हे विचारा.

एक मात्र शेवटी सांगते. दुसऱ्याची बाजू समजून घेतली म्हणून झालेले नुकसान भरून येत नाही. माझ्या आईनेही अशीच सही दिली होती. माझ्या मामांची परिस्थिती मला पूर्ण समजते, त्यांच्याविषयी मनात कडवटपणा नाही, आणि तरीही तो हिस्सा गेला तो गेला.

निवृत्त मास्तर

सातबारा यांच्यापुढे मी नम्र होतो. मी प्रश्न दोनदा वाचला होता आणि आक्का मला दोन्ही वेळा दिसल्या नव्हत्या.

माणगंगाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आक्का माझी आत्याच. वय चौऱ्याहत्तर, फलटणजवळ मुलाकडे असते. तिला मी गेली कित्येक वर्षे दिवाळी आणि राखीपौर्णिमेपलीकडे फोन केलेला नव्हता, त्यामुळे पहिली दहा मिनिटे "कोणाला बरं नाही का" हे समजावण्यात गेली. सातबारा यांनी सांगितल्याप्रमाणे मी त्या दिवसाविषयी विचारले. ती पहाटेच्या एस.टी.ने, कडेवर धाकटा आणि हाताशी थोरला घेऊन आली होती. स्टँडवर तात्या उभे होते. भावांचे बोलणे बंद होण्याच्या बेतात असल्यामुळे तात्या तिला घरापर्यंत पोचवून बाहेरच्या बाहेर देवळात जाऊन बसले. तिला दुपारी शिळी भाकरी आणि झुणका मिळाला. हे तिने दोनदा सांगितले, कारण माहेरी आलेल्या लेकीला त्या घरात शिळे कधी वाढत नसत.

मी म्हणालो, "आणि मग तू सही केलीस." ती म्हणाली, "सही कुठली रे? अंगठा दिला मी. मला तेव्हा सही यायची नाही. ती नंतर शिकले, प्रौढांच्या वर्गात." आमच्या घरात सगळे, मीसुद्धा, चाळीस वर्षे 'आक्काने सही केली' असेच म्हणत आलो आहोत. काकूंविषयीही तिनेच सांगितले. संपाच्या वर्षी काकू परळला एका खाणावळीत पोळ्या लाटायला जात होत्या आणि ही गोष्ट गावी कळू नये म्हणून तात्यांनी आक्काला शपथ घातली होती. म्हणजे आमच्या गोष्टीत जे नव्हते, त्यातले काही तात्यांनीही मुद्दाम बाहेर ठेवले होते.

पेटारा यांनी सुचवलेला पंचांसमोरचा परिच्छेद मी लिहिला. तो छापणार नाही. पहिल्यांदा फार रडका झाला, दुसऱ्यांदा वकिली. तिसऱ्यांदा तात्या एवढेच म्हणाले की गिरणी आता सुरू होत नाही आणि जिरायतीवर मला जगता येत नाही, कारण मला शेती येत नाही. विहिरीखालची जमीन शेती न येणाऱ्यालाही कशीही पिकते.

पुस्तिकेत बदल केले आहेत ते असे. विहिरीच्या प्रकरणात दोन कुपनांची छायाचित्रे घातली. गोधडीच्या दोऱ्याची आठवण घेतली. १९८२ या सालाखाली संपाविषयी चार वाक्ये लिहिली, त्यांत कोणाचेही नाव नाही. काकूंचे खाणावळीचे काम घातले नाही, कारण ते सांगायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे आहे; पुढच्या रविवारी विरारला जाऊन त्यांना भेटणार आहे. वाटणीच्या परिच्छेदात आक्काचा प्रवास आणि अंगठा आला आहे.

गेल्या शनिवारी हे सर्व अण्णांना वाचून दाखवले. संपाच्या वाक्यांवर त्यांनी डोळे उघडले नाहीत आणि "असंच होतं ते" हेही म्हणाले नाहीत. मी पुढे वाचत राहिलो. अंगठ्याच्या वाक्यापाशी त्यांनी हात वर करून मला थांबवले. म्हणाले, "शाईची डबी मी धरली होती. तिच्या हाताला पीठ होतं, म्हणून ठसा नीट उमटेना. दोनदा घ्यावा लागला."

शिळ्या भाकरीच्या दिवशी हाताला पीठ कोठून आले, हे मी आक्काला अजून विचारलेले नाही.